मांजराचे दुखणे आणि माणसाची गोळी

अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत आणि घाटकोपरपासून मुलुंडपर्यंत कुठल्याही घरातला औषधांचा डबा उघडला, तर पॅरासिटामॉलची एखादी पट्टी सापडतेच. क्रोसिन म्हणा, डोलो म्हणा, कॅलपोल म्हणा. ताप आला, अंग ठणकले, डोके दुखले की हात आधी तिकडे जातो. माणसासाठी त्यात वावगे काही नाही. पण त्याच घरातले मांजर लंगडू लागते किंवा नसबंदीनंतर कपाटाखाली अंग चोरून बसते, तेव्हा कळवळ्यापोटी कुणीतरी तीच गोळी पाव करून बांगड्याच्या तुकड्यात दडवते, आणि औषध म्हणून दिलेली ती पाव गोळी त्या जिवावर बेतते. हे एकदा कानावर आले की अनेक जण दुसरे टोक गाठतात. मांजराला दुखण्यावरचे काहीच द्यायचे नाही, ते आपले आपण बरे होईल, असे ठरवून मोकळे होतात. ही दोन्ही टोके चुकीची आहेत. मांजराच्या वेदनेवर औषध दिलेच पाहिजे, मात्र ते पशुवैद्याने वजन करून ठरवलेले असावे, आणि ते दिल्यावर कशावर लक्ष ठेवायचे व कधी थांबायचे हे त्याच चिठ्ठीवर मराठीत लिहिलेले असावे. देखरेख हा उपचाराचाच अर्धा भाग आहे. तो तोंडी सांगण्यावर आणि लक्षात राहण्यावर सोडणे धोक्याचे आहे.

आधी पॅरासिटामॉलचे गणित पाहू. साठ किलो वजनाचा माणूस ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतो, तेव्हा त्याच्या वाट्याला दर किलो वजनामागे आठ मिलिग्रॅम औषध येते. चार किलोच्या मांजराला तीच गोळी दिली तर दर किलोमागे १२५ मिलिग्रॅम होतात, आणि पाव गोळीनेही तीसच्या वर जातात. मांजरात किलोमागे १० मिलिग्रॅमइतक्या कमी मात्रेनेही विषबाधा झाल्याची नोंद आहे. प्रश्न नुसता लहान शरीराचा असता, तर गोळीचा आणखी लहान तुकडा करून भागले असते. तसे नाही. माणसाचे यकृत ज्या मुख्य वाटेने पॅरासिटामॉल निकामी करून बाहेर टाकते, ती वाट मांजरात जवळजवळ बंद आहे, कारण त्यासाठी लागणारे एक विकर बनवणारे जनुकच मांजरात निकामी झालेले आहे. हा साऱ्या मार्जारकुळाचा वारसा आहे. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातला बिबट्याही त्याच कुळातला. पिढ्यान्‌पिढ्या मांसावर जगलेल्या या प्राण्यांना वनस्पतींतली रसायने पचवण्याची गरज उरली नाही आणि म्हणून ती यंत्रणा लोपली, असे शास्त्रज्ञांचे अनुमान आहे. मग औषध दुसऱ्या वाटेला लागते, त्यातून तयार झालेले विषारी द्रव्य रक्तातल्या हिमोग्लोबिनवर घाला घालते, आणि रक्त प्राणवायू वाहून नेईनासे होते. काही तासांत हिरड्या गुलाबीच्या तपकिरी किंवा निळसर होतात, तोंड आणि पंजे सुजतात, लाळ गळते, श्वास लागतो, लघवी गडद होते. यावर अ‍ॅसिटिलसिस्टीन हा उतारा आहे, माणसांच्या पॅरासिटामॉल विषबाधेतही तोच वापरतात. पण तो पहिल्या काही तासांत मिळाला तरच त्याचा खरा उपयोग होतो. सकाळी बघू म्हणून रात्र काढणे इथे परवडत नाही.

एका जिवाला मानवणारे औषध दुसऱ्याचा घात करते, हा धडा या देशाने फार मोठी किंमत मोजून घेतला आहे. गुरांच्या दुखण्यावर डायक्लोफेनॅक सर्रास टोचले जात होते. गुरांना त्याचा त्रास नव्हता, पण मेलेल्या जनावरांच्या मांसातून ते गिधाडांच्या पोटात गेले आणि त्यांची मूत्रपिंडे निकामी झाली. हे कारण २००४ साली शास्त्रीय पुराव्यानिशी सिद्ध झाले. तोवर भारतातल्या गिधाडांच्या तीन प्रमुख जातींतले बहुसंख्य पक्षी संपले होते. मुंबईतल्या डुंगरवाडीवर मृतदेह गिधाडांच्या स्वाधीन करणाऱ्या पारशी समाजाला अंत्यविधीसाठी सौरऊर्जेचा आधार घ्यावा लागला, तो याच ऱ्हासामुळे. २००६ साली जनावरांसाठीच्या डायक्लोफेनॅकवर बंदी आली, २०२३ साली कीटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅकवरही आली. या सगळ्यात गिधाडांना निर्धोक ठरलेले औषध म्हणून मेलॉक्सिकॅम पुढे आले. आणि मांजराच्या सांधेदुखीवर जगभर बरीच चर्चा होते तीही याच मेलॉक्सिकॅमची. गिधाडांचा त्राता ठरलेले हे औषध मांजराला चुकीच्या मात्रेत दिले तर त्याची मूत्रपिंडे बिघडवू शकते. म्हणून ‘हे औषध सुरक्षित आहे का’ एवढे विचारून भागत नाही. कोणत्या प्राण्याला, किती, किती दिवस आणि त्याच्या अंगात आधीपासून काय दुखणे आहे, हे विचारल्याशिवाय सुरक्षित या शब्दाला अर्थ नाही.

मेलॉक्सिकॅमच्या मात्रेवरून जगातल्या दोन मोठ्या औषधनियंत्रकांनी दोन वेगळे पवित्रे घेतले, हेही समजून घेण्यासारखे आहे. युरोपात २००७ पासून मांजराच्या दीर्घकालीन सांधेदुखीसाठी त्याचे द्रव औषध मंजूर आहे. पहिल्या दिवशी किलोमागे ०.१ मिलिग्रॅम आणि पुढे रोज ०.०५ मिलिग्रॅम, अशी त्याची मात्रा. अमेरिकेत मात्र एका इंजेक्शनापलीकडे मंजुरी नव्हती, आणि २०१० साली तिथल्या औषध प्रशासनाने वेष्टनावर चौकटीतला इशारा छापायला लावला: मांजरांना हे औषध वारंवार दिल्यास मूत्रपिंडे अचानक निकामी होऊन मृत्यू ओढवू शकतो. एकाच औषधाबाबत एवढा फरक का, याचे बरेचसे उत्तर मात्रेत आणि देखरेखीत आहे. अमेरिकेतल्या त्या इंजेक्शनाची मात्रा युरोपातल्या रोजच्या मात्रेच्या सहापट होती. आता हे उपनगरातल्या घरात आणून पाहू. चार किलोच्या मांजराची रोजची मात्रा होते ०.२ मिलिग्रॅम. माणसांसाठी दुकानात मिळणारी मेलॉक्सिकॅमची लहान गोळी ७.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे त्या मांजराच्या सदतीस दिवसांच्या औषधाएवढी. मांजरांसाठीच्या द्रव औषधात दर मिलिलिटरला अर्धा मिलिग्रॅम असते, तर कुत्र्यांसाठीच्या प्रचलित औषधात दीड मिलिग्रॅम. ‘शून्य पूर्णांक चार मिलिलिटर द्या’ ही सूचना मांजराच्या बाटलीला अचूक आहे, आणि शेजारच्या लॅब्रेडॉरसाठी आणलेल्या बाटलीतून तेवढेच औषध ओढले तर मात्रा तिप्पट होते. चिठ्ठीवर नुसते मिलिलिटर लिहिणे किंवा थेंब मोजायला सांगणे पुरेसे का नाही, ते यातून कळते. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि बाटलीची तीव्रता, तिन्ही लिहायला हवीत.

एवढा धोका असेल तर न दिलेले बरे, असे कुणी म्हणेल. या म्हणण्यामागे एक समज आहे, की मांजराला फारसे दुखत नाही, दुखले असते तर ते ओरडले असते. पुरावा याच्या उलट आहे. अमेरिकेतील पशुवैद्यांनी २००२ साली शंभर वयस्क मांजरांच्या क्ष-किरण चित्रांचा अभ्यास प्रसिद्ध केला, तेव्हा बारा वर्षांवरील मांजरांपैकी ९० टक्क्यांत सांधे झिजल्याच्या खुणा होत्या. त्यातली प्रत्येक मांजर वेदनेत असेल असे नाही, पण जिला दुखते ती कण्हत नाही. ती टेबलावर उडी मारणे सोडते, पाठीवरचे केस चाटून साफ करणे सोडते, उंच काठाच्या लिटर ट्रेबाहेर लघवी करते, उचलायला गेले की फिस्कारते. घरचे म्हणतात, म्हातारी झाली, चिडकी झाली. हे ओळखण्याची साधनेही आता आहेत. कॅनडातील माँट्रियल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१९ साली मांजराच्या चेहऱ्यावरून तीव्र वेदना ओळखण्याचे मोजमाप मांडले. कानांची ठेवण, डोळ्यांचे बारीक होणे, तोंडाभोवतीचा ताण, मिशांची दिशा आणि खांद्यांच्या तुलनेत डोक्याची उंची, अशा पाच खुणांना शून्य ते दोन गुण द्यायचे. दहापैकी चार किंवा अधिक गुण झाले की वेदनाशामकाचा विचार करावा, असे ते सांगते. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याचे तिसरे कलम प्राणी सांभाळणाऱ्यावर त्याचे भले पाहण्याची आणि त्याला विनाकारण वेदना होऊ न देण्याची जबाबदारी टाकते. वेदना दिसत असताना औषधाच्या भीतीने हात बांधून बसणे म्हणजे ती जबाबदारी टाळणेच.

मग लक्ष ठेवायचे ते कशावर? मेलॉक्सिकॅमच्या जातीची औषधे शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये रोखतात. ही द्रव्ये सूज आणि वेदना वाढवतात, पण तीच जठराच्या अस्तराचे रक्षण करतात आणि पाणी कमी पडले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा टिकवून धरतात. त्यामुळे त्रास सुरू होतो तो पोटात आणि मूत्रपिंडात. खाणे कमी झाले, उलटी झाली, शी पातळ किंवा डांबरासारखी काळी झाली, मांजर सुस्त पडून राहिले, पाणी पिणे अचानक वाढले किंवा थांबले, ट्रेमधली लघवी नेहमीपेक्षा फार जास्त किंवा फार कमी दिसू लागली, तर पुढचा डोस द्यायचा नाही आणि डॉक्टरांना फोन करायचा. यातली सर्वांत सोपी आणि सर्वांत महत्त्वाची सूचना एकच: मांजर जेवले नाही तर औषध नाही. उपाशी आणि पाणी कमी प्यायलेल्या मांजराला हे औषध अधिक बाधते, आणि मांजर दोन-तीन दिवस उपाशी राहणे हे यकृतासाठी स्वतंत्रपणेही धोक्याचे असते. औषध जेवणाच्या सगळ्या वाटीत कालवू नये, कारण वाटी अर्धी राहिली तर डोस किती गेला हे कळायला मार्ग उरत नाही. पहिल्या घासात द्यावे किंवा जेवणानंतर बिनसुईच्या सिरिंजने गालाच्या कडेने सोडावे. स्टिरॉइड चालू असताना किंवा दुसरे वेदनाशामक नुकतेच दिलेले असताना हे औषध देऊ नये. गॅबापेंटिनसारखी दुसऱ्या जातीची औषधे दिली असतील, तर झिंगल्यासारखी चाल आणि झोप यांची कल्पना आधीच द्यावी, नाही तर अपेक्षित परिणामालाच घरचे घाबरतात.

उपनगरांत या सगळ्याला आणखी एक पदर आहे. जुन्या चार मजली इमारतींच्या जागी पंधरा-वीस मजली टॉवर उभे राहत आहेत, आणि जाळी नसलेल्या खिडकीतून मांजर पडण्याचा धोका त्यांच्याबरोबर वाढतो. उंचावरून पडलेल्या मांजराबद्दल न्यूयॉर्कमधल्या पशुवैद्यांनी १९८७ साली १३२ मांजरांचा अभ्यास प्रसिद्ध केला, आणि हा शहरी अपघाताचा वेगळा प्रकार म्हणून ओळखला जातो. छातीला मार, जबड्याचे आणि पायांचे मोडणे हे त्यात नेहमीचे. अशा मांजराला पाहताच घरात जे असेल ते वेदनाशामक द्यावेसे वाटते, आणि नेमके तेव्हाच ते सर्वांत घातक ठरते. आतला रक्तस्राव आणि घसरलेला रक्तदाब यांमुळे मूत्रपिंडांना आधीच रक्त कमी मिळत असते. रुग्णालयात आधी श्वास आणि रक्तदाब सावरून, सलाइन देऊन, मग कोणते वेदनाशामक हे ठरते. पहिल्या तासात घरच्यांनी करायचे एवढेच: मांजराला सपाट आधारावर ठेवायचे, खोक्यात घालायचे आणि निघायचे. घरातून आधी काही पोटात गेले असेल तर ते नाव आणि वेळ यांसह सांगायचे, लपवायचे नाही.

चिठ्ठीत बदल करण्यासाठी नव्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही. १९४५ च्या औषध नियमांनुसार चिठ्ठीवर तारीख, सही, औषधाचे प्रमाण आणि मात्रा लिहिणे आधीच बंधनकारक आहे, आणि औषध जनावरासाठी असेल तर मालकाचे नाव-पत्ताही. त्याच नियमांप्रमाणे जनावरांच्या औषधाच्या वेष्टनावर ते माणसांसाठी नसल्याची सूचना आणि जनावराच्या डोक्याचे चित्र असते. माणसाच्या गोळीच्या वेष्टनावर मात्र मांजराविषयी एक अक्षर नसते. या चौकटीत चार ओळींची भर घालायची आहे: त्या दिवशीचे वजन, बाटलीची तीव्रता, काय दिसले तर थांबायचे, आणि रात्री कुठे संपर्क साधायचा. वांद्रे-कुर्ला संकुलातून कारभार पाहणारे अन्न व औषध प्रशासन आणि परळचे मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय यांनी मिळून याचा मराठी नमुना तयार करून प्रत्येक दवाखान्यात पोहोचवावा. मेडिकलवाल्यांसाठी एकच सूचना पुरेशी आहे. मांजरासाठी म्हणून कुणी पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन किंवा कॉम्बिफ्लॅमसारखी जोडगोळी मागितली, तर ती द्यायची नाही आणि पशुवैद्याकडे पाठवायचे. उपनगरातला दुकानदार रोजच्या गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो, त्याचा शब्द लोक मानतात. त्या शब्दाचा इथे उपयोग व्हावा.

यावर पहिला आक्षेप पैशाचा आणि अंतराचा असेल, आणि तो खरा आहे. परळचे बाई साकरबाई दिनशा पेटिट प्राणी-रुग्णालय एकोणिसाव्या शतकातले, महालक्ष्मीचे टाटांचे प्राणी-रुग्णालय २०२४ सालचे. दोन्ही मुंबई शहरात. रात्री बोरिवली किंवा मुलुंडहून आजारी मांजर घेऊन तिथे पोहोचणे सोपे नाही. उपनगरांतले खासगी दवाखाने अनेक आहेत, पण तपासणी, रक्तचाचणी आणि औषध यांचा खर्च प्रत्येकाला पेलतो असे नाही. पण हा आक्षेप घरगुती गोळीच्या बाजूने जात नाही. विषबाधा झालेल्या किंवा मूत्रपिंडे बिघडलेल्या मांजराचे काही दिवसांचे सलाइन आणि भरती हे पहिल्या तपासणीपेक्षा कितीतरी महाग पडते. उलट ज्याला पुन्हा पुन्हा येणे परवडत नाही, त्यालाच लिहिलेल्या सूचनेची जास्त गरज असते, कारण पहिल्या खुणेला औषध थांबवले तर पुढचा मोठा खर्च टळण्याची शक्यता वाढते. कागदावरच्या चार ओळींना जवळजवळ काहीच खर्च येत नाही. महापालिकेने उपनगरांत रात्रीची पशुवैद्यकीय सेवा द्यावी ही मागणी रास्तच आहे, पण तिच्या पूर्ततेपर्यंत या ओळी अडवून ठेवण्याचे कारण नाही.

दुसरा आक्षेप डॉक्टरांकडून येऊ शकतो: दुष्परिणामांची यादी हातात दिली की लोक घाबरतात आणि औषधच बंद करतात. ही भीती निराधार नाही. पण कमी मात्रेत आणि देखरेखीखाली दिलेले औषध दीर्घकाळ मानवू शकते, याचा पुरावा आहे. ऑस्ट्रेलियातल्या पशुवैद्यांनी २०११ साली सात वर्षांवरील अशा मांजरांच्या नोंदी तपासल्या, ज्यांना सहा महिन्यांहून अधिक काळ कमी मात्रेत मेलॉक्सिकॅम दिले होते. ज्यांना आधीपासून मूत्रपिंडाचा स्थिर आजार होता, त्यांच्यातही तो औषधामुळे वेगाने बळावल्याचे दिसले नाही. या मांजरांची मात्रा कमी होती आणि ती डॉक्टरांच्या नजरेखाली होती, हे विसरता कामा नये. आंतरराष्ट्रीय मार्जार-वैद्यक संस्थांची २०१० ची आणि २०२४ ची मार्गदर्शक तत्त्वेही उपयोगी पडेल अशी सर्वांत कमी मात्रा, आधी आणि नंतर तपासण्या, आणि पालकाला नीट दिलेली माहिती यांवरच भर देतात. भीती अर्धवट ऐकण्यातून येते. काय नेहमीचे, काय धोक्याचे आणि धोका दिसल्यावर पुढची पायरी कोणती, हे नेमके लिहिले असेल तर घाबरण्याऐवजी माणूस वागायला शिकतो.

तिसरा प्रश्न रस्त्यावरच्या मांजरांचा. मासळी बाजारात, स्टेशनच्या बाहेर, सोसायटीच्या पार्किंगमध्ये राहणाऱ्या मांजरांना रोज खाऊ घालणारी माणसे उपनगरांत जागोजाग आहेत, आणि जखमी मांजर दिसले की औषधासाठी धावणारीही तीच. पण जी मांजर संध्याकाळी कुठे असेल हे ठाऊक नाही, ती जेवली का, तिला उलटी झाली का, हे कोण पाहणार? म्हणून इथे नियम अधिक कडक हवा. लक्ष ठेवता येत नसेल तर घरी देण्याचे वेदनाशामक नको. डॉक्टरांनी इंजेक्शन द्यावे आणि मांजर निदान औषधाचा अंमल संपेपर्यंत पिंजऱ्यात, पाणी आणि खाणे दिसेल अशा ठिकाणी ठेवावे. नसबंदीनंतरही हेच. खाऊ घालणाऱ्यांनी वेदनेच्या खुणा ओळखाव्यात, फोटो काढून डॉक्टरांना दाखवावेत, पण गोळी स्वतः ठरवू नये. सोसायट्यांनीही पिंजऱ्यासाठी एखादा कोपरा आठवडाभर मोकळा दिला, तर त्यांच्यावर फार मोठा भार पडत नाही.

शेवटचा मुद्दा नोंदीचा. माणसांच्या औषधांच्या दुष्परिणामांसाठी देशात २०१० पासून राष्ट्रीय नोंदणी कार्यक्रम आहे आणि गाझियाबादचा भारतीय औषधसंहिता आयोग तो चालवतो. मांजराला मेलॉक्सिकॅमनंतर काळी शी झाली, तर तीही गोष्ट तशीच त्या दवाखान्याच्या भिंतीबाहेर गेली पाहिजे. ज्या देशात गिधाडे नाहीशी होत असताना कारण कळायला वर्षे लागली, तिथे प्राण्यांच्या औषधांचे दुष्परिणाम पद्धतशीर टिपण्याचे महत्त्व वेगळे सांगायला नको. महाराष्ट्राने सुरुवात मुंबईपासून करावी. चिठ्ठीच्या मराठी नमुन्यातच खाली नोंदीची एक जागा ठेवावी, दवाखान्यांनी ती भरून परळच्या महाविद्यालयाकडे पाठवावी, आणि वर्षाअखेरीस काय दिसले ते सर्वांसाठी प्रसिद्ध व्हावे. मग पुढच्या मांजरासाठी मात्रा ठरवताना डॉक्टरांना परदेशी अभ्यासांच्या जोडीला आपल्या हवेत, आपल्या आहारावर वाढलेल्या मांजरांचा अनुभवही हाताशी असेल. वेदना सोसत पडलेल्या जिवाला औषध मिळावे आणि त्याच औषधाने त्याचा जीव जाऊ नये, एवढीच ही मागणी आहे. तिची सुरुवात वजनकाट्यापासून आणि नीट लिहिलेल्या चिठ्ठीपासून आजच करता येते.